मोत्याचं औषध

तांडापेठ, नागपूर
२६ ऑगस्ट २०२४

चि. अंजूस,
मामाजीचे आशीर्वाद.

'चि.' लिहून झाल्यावर हात सवयीनं 'सौ.'कडे वळला होता, थांबवला. नवरा-बायकोचे कागद कोर्टात असताना सासऱ्यानं सुनेला सौ. लिहावं की नाही, हे पत्रलेखनाच्या तासाला गुरुजींनी शिकवलं नव्हतं. त्यांनी फक्त वळण शिकवलं. वळणापुरतं तरी मानून घे.

फोन करत नाही, कारण तू माझाही नंबर बंद केला आहेस. ठीकच केलंस. भूपेश माझ्या फोनवरून तुला लावायचा, हे मला फार उशिरा कळलं. मी आपला बाजेवर पडून जुन्या कविता मनात घोळवत असतो. फोन उशाशी आहे की नाही, कोणाचं लक्ष असतं!

कारण तसं क्षुल्लक आहे. आपल्या मोत्याला पिसवा झाल्या.

आधी माझ्या घोट्यांवर लाल पुळ्या उठल्या. मला वाटलं डास. मग मोत्या सारखा कानामागे खाजवू लागला, खाजवता खाजवता उठून दुसरीकडे जाऊन बसायचा, जणू जागा बदलली की खाज मागे राहील. शेवटी मी जुन्या धोतराचा पांढरा तुकडा ओला करून पसरला आणि लिखा काढायच्या फणीनं त्याची पाठ त्यावर विंचरली. काळी पूड पडली. मी म्हटलं, धूळ असेल. बघता बघता त्या पुडीभोवती कापड लाल झालं. अगं, रक्त! ती पिसवांची विष्ठा होती, मोत्याच्याच रक्ताची. आमच्या घरात तीन पिढ्या कापड रंगवत होत्या, पण असा रंग चढताना मी पहिल्यांदा पाहिला. कितीतरी वेळ तो तुकडा हातात धरून बसलो.

नंतर मनात आलं, आमच्या पुस्तकांत चिमणी होती, खार होती, वासरू होतं, मुंगीसुद्धा होती. पिसवेवर एकाही कवीनं लिहिलं नाही. म्हणून मीच जुळवलं: 'राईएवढी काया माझी, उडी मात्र आभाळाची.' भूपेशला म्हणून दाखवलं. तो म्हणाला, "बाबा, तुमचं काहीतरीच राहते. फेकून द्या तो बोका बाहेर." पण रागानं नाही म्हणाला. अलीकडे तो शांत असतो. कपाटाचं फुटलेलं दार त्यानं स्वतः बसवून घेतलं. आता पाहणाऱ्याला कळणारही नाही.

जाताना तू दारात एकच वाक्य बोललीस, "मामाजी, मोत्याले सांभाळा, माझी खोली झाली की नेतो." मी सांभाळतो आहे. पण त्यानं हल्ली दूध सोडलं. उंबऱ्यावर बसून रस्त्याकडे पाहतो. काटोल काही परदेश नाही. एकदा येऊन त्याला पाहून जा. त्यालाही बरं वाटेल, आणि घरालाही.

तुझ्या आईला, प्रयागबाईंना, नमस्कार.

तुझा मामाजी,
गुलाबचंद

तांडापेठ, नागपूर
६ सप्टेंबर २०२४

चि. अंजूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. इतकं छोटं पत्र आणि त्यात माझी इतकी मोठी चोरी पकडलीस! 'मामाजी, मोत्या दूध केव्हा पीत होता? त्याले दूध पचत नाही, तुम्हीच तर ओटा पुसत होते.' खरं आहे बाई. कवितेतलं मांजर दूध पितं, म्हणून माझ्या लेखणीतून ते आलं. तो मासळी खातो, भात खातो, आणि माझ्या ताटातली पोळीही पळवतो. सोडलं काहीच नाही.

बाकी तुझ्या सूचना मी भिंतीवर लावलेल्या नियमांसारख्या पाळल्या. त्याचं अंथरूण, म्हणजे तुझी ती जुनी हिरवी साडी, उकळत्या पाण्यात टाकली. गोधड्या गच्चीवर उन्हात घातल्या. खाटेखालचे, कपाटामागचे कोपरे रोज झाडतो आणि केर लगेच पिशवीत बांधून बाहेर टाकतो. फणीवर आलेली पिसू बोटानं चिरडत नाही, साबणाच्या पाण्यात बुडवतो. बोटानं चिरडायला गेलो तर ती मेल्याचं सोंग करते आणि चिमूट उघडली की माझ्याच दाढीत. शेजारचा धोंडबा हे सगळं भिंतीवरून पाहत होता. म्हणाला, "काय गा गुलाबचंद, म्हातारपणी बोक्याची वेणीफणी करून राहिला का? अंबाड्याले गजरा देऊ का आणून?" मी म्हटलं, दे, मोत्याला मोगरा आवडतो. तो हसून हसून खोकला.

पुढचं तू लिहिलंस ते मात्र मी दोनदा वाचलं: 'पिसवा गेल्या की मी त्याले नेतो. मंग त्या घरात माझं काही राहत नाही, यायचं कारण नाही.' आईला दमा आहे, पिसवांसकट बोका चालणार नाही, हे मला पटलं. दुसरं वाक्यही पटलं. पटतं ते सगळं गोड लागत नाही, एवढंच.

पत्र मी टेबलावर ठेवलं होतं. भूपेशनं वाचलं. मला वाटलं आता आवाज चढेल, काहीतरी फुटेल. पण तो म्हणाला, "औषध मी आणतो बाबा. तुम्हाले कुठे समजते त्यातलं." फणीनं काम भागत नाही, मानेवर टाकायचे थेंब मिळतात, असं तू लिहिलं होतंसच. मोत्याला पायानं ढकलणारा माणूस आज त्याच्यासाठी बाजारात जातो म्हणाला! माणूस बदलतो, अंजू. शाळेत आम्ही एक कविता म्हणायचो, खडकातून झरा फुटल्याची. आज ती सकाळपासून ओठांवर आहे. शेवटचं कडवं आठवत नाही, पण चाल आठवते.

तुझा मामाजी,
गुलाबचंद

नागपूर
११ सप्टेंबर २०२४

अंजू,

मोत्या जिवंत आहे. हे आधी वाच, मग पुढचं.

काल दुपारी तो माझ्या खाटेखाली होता. मला वाटलं, स्वप्नात पक्षी धरतो आहे, कारण त्याचे कान फडफडत होते. मग पाठीची कातडी थरथरू लागली, जशी पाण्यावर वाऱ्याची लहर जाते. मी वेडा, ती लहर पाहत राहिलो! तेवढ्यात तोंडातून फेसाळ लाळ आली आणि चारही पाय ताठ झाले. डोळे उघडे होते, मला पाहत नव्हते. मी हाक मारली, मोत्या, मोत्या. त्यानं ऐकलं नाही. तू हाक मारलीस तर तो गल्लीच्या टोकाहून यायचा.

त्याला टॉवेलात गुंडाळून मी अनवाणीच रस्त्यावर आलो. धोंडबानं ऑटो थांबवला, माझ्यासोबत बसला. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "अंगाला काय लावलं?" मी म्हटलं, पिसवांचं औषध, कालच, मानेवर. धोंडबाला घरी पिटाळलं, त्यानं कचऱ्यातून रिकामं पाकीट शोधून आणलं. त्यावर कुत्र्याचं चित्र होतं. केसाळ, जीभ बाहेर काढलेला, हसणारा कुत्रा. चष्म्याशिवाय मलाही दिसत होता.

बाई म्हणाल्या, "काका, हे कुत्र्याचं आहे. मांजराला हे विष असतं." विष हा शब्द त्यांनी साधेपणानं उच्चारला, जसं आपण मीठ म्हणतो. मग कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून त्याची मान, पाठ पुन्हा पुन्हा धुतली, झटके थांबवायला सुई दिली, पायात सलाईन लावलं. इतका भरदार बोका, भिजल्यावर केवढासा झाला गं. आज सकाळी त्यानं माझ्याकडे पाहून मान हलवली. धोका अजून टळलेला नाही म्हणतात.

चुकीचं औषध लागलं. कोणी आणलं, कोणी लावलं, यात अर्थ नाही. पण तू विचारशील म्हणून सांगतो. भूपेशनं आणलं, त्यानंच लावलं, मी मोत्याचे पाय धरले होते. भूपेश म्हणतो, "दुकानात म्हटलं मोत्यासाठी पिसवांचं औषध द्या. तिनं कुत्र्याचं देलं. नाव आयकून तिले कुत्राच वाटला असन ना." हे खोटं कसं म्हणू? या नागपुरात मोत्या नावाचा बोका एकच असेल. तुला लहानपणी कुत्रा हवा होता, तुझ्या वडिलांनी आणू दिला नाही, म्हणून लग्नानंतर सापडलेल्या या पिल्लाला तू कुत्र्याचं नाव दिलंस. आम्ही सगळे तेव्हा किती हसलो होतो. त्या हसण्याचं असं व्हावं!

मला काही सुचत नाही. चाल नाही, ओळ नाही, डोकं कोऱ्या पाटीसारखं झालं आहे. दुकानातल्या त्या बाईला मी जाब विचारणार आहे.

शक्य असेल तर ये. तुझा आवाज ऐकला तर तो धरून राहील. भूपेश म्हणाला, गाडी सांगा, मी स्टँडवर घ्यायला जातो.

मामाजी

नागपूर
१४ सप्टेंबर २०२४

अंजू,

येऊ नकोस.

निरोप मिळाला असेलच. औषधाच्या दुकानातल्या मेघाच्या फोनवरून मी प्रयागबाईंना सांगितलं की अंजूला निघू देऊ नका. त्या घाबरून विचारत होत्या, "काहून जी, काय झालं? मोत्या गेला का?" मी म्हटलं, मोत्या सुधारतो आहे, पत्र येईल. पुढचं तोंडानं सांगता येत नव्हतं. लिहितानाही कितीदा थांबलो आहे.

काल मी त्या दुकानात गेलो, चांगला तावातावानं. मेघा ही तुझ्याच वयाची. मी काउंटरवर पाकीट आपटून म्हटलं, मोत्या नाव ऐकलं आणि कुत्र्याचं औषध दिलंत, एकदा विचारायचं तर होतं! ती म्हणाली,

"काका, मी विचारलं ना. त्या भाऊनं मोबाईलवर फोटोच दाखवला. पांढरा बोका, कानाजवळ काळा ठिपका. मी मांजराचंच औषध काढून देलं."

मी म्हटलं, मग हे कुठून आलं?

"त्याइनं बाजूचं कुत्र्याचं उचललं. म्हणे, हे मांजराले लावलं तं काय होते? मी म्हटलं, लावू नका भाऊ, झटके येतात, मरते मांजर. मंग म्हणे, घरी कुत्राबी हाय, दोन्ही द्या." मग तिनं हळूच विचारलं, "काका, हाय ना तुमच्या घरी कुत्रा?"

तिच्या चेहऱ्यावर आता माझ्याहून जास्त भीती होती. मी म्हटलं, नाही. तिनं मला स्टूल दिलं, पाणी दिलं. पाण्याची चव लागली नाही. बाहेर लोक गणपतीची वर्गणी, भाजी, पेट्रोल असलं काहीबाही बोलत चालले होते, आणि मला वाटत होतं, यांना ऐकू आलं नाही का?

घरी आलो तेव्हा भूपेश अंगणात स्कूटर धूत होता. मी म्हटलं, डिक्की उघड. तो म्हणाला, काहून? मी म्हटलं, उघड. मांजराचं औषध तिथे होतं, वेष्टन न फोडलेलं.

मला वाटलं होतं तो ओरडेल. त्यानं पाण्याचा नळ बंद केला आणि अगदी समजावणीच्या सुरात बोलला. शब्द जसेच्या तसे लिहितो, कारण तुला ते माहीत असायला हवेत.

"मारायचं नव्हतं बाबा मले. आईची शपथ. थोडा बिमार पडन वाटलं. बिमार पडला तं अंजू येईन, दोन दिवस राहीन, बोलन माझ्याशी. पिसवा गेल्या असत्या तं ते बोका घेऊन गेलं असतं, मंग कधीच आलं नसतं. तिच्याच पत्रात होतं ना."

मी म्हटलं, अरे, त्याचे पाय मी धरले होते. तू मला धरायला लावलेस.

तर म्हणतो, "तुम्हीबी तं तेच करून राहिले ना बाबा. दूध सोडलं, रस्त्याकडे पाहते. मी वाचलं तुमचं पत्र. तुम्ही कागदावर केलं, मी औषध लावलं."

हे बोलताना तो हसला नाही, टोमणाही मारला नाही. त्याला खरोखर वाटत होतं की आम्ही दोघं एकाच कामाला लागलो आहोत.

अंजू, मी त्याचा चेहरा पाहत राहिलो. हा माझ्या मांडीवर बसून तारांगणाची कविता म्हणायचा, 'ळ' म्हणता येत नसे, सगळ्या 'ळ'चा 'र' करायचा. त्याच तोंडातून हे निघत होतं, तेवढ्याच निष्पाप आवाजात. मला त्या आवाजाची जास्त भीती वाटली.

तू घरात असताना मला पुष्कळ ऐकू यायचं. सकाळी तू म्हणायचीस, "काही नाही मामाजी, भांडं पडलं." मी भांडं पडलं असं मानायचो. आता मानणार नाही. वकिलाला सांग, सासरा यायला तयार आहे, विचाराल ते सांगेल. दुकानातलंही आणि आधीचंही.

तू येऊ नकोस. मोत्या बरा झाला की मीच आणून देतो.

मामाजी

काटोल बसस्थानक
१७ सप्टेंबर २०२४

अंजू,

हे पत्र टोपलीसोबत, स्टँडवर आलेल्या प्रयागबाईंच्या हातात देतो आहे. त्यांनी घरी चला, पोहे खाऊन जा म्हटलं, पण परतीची गाडी लागली आहे. तू कामावरून येण्याआधी निघतो. तुला समोर पाहिलं तर मी पुन्हा एखादं मऊ वाक्य बोलून बसेन, आणि माझ्या मऊ वाक्यांवर माझाच विश्वास उरलेला नाही.

मोत्या थोडा डुलत चालतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेही जाईल. दवाखान्यात त्यांनी त्याला मांजराचं औषध लावून दिलं आहे, बरोबरचं, मी पाकीट तीनदा पाहिलं. तरी आठवडाभर फणी फिरव. अंगावर एखादी दिसली तर घाबरू नकोस, मरायला आलेली असते. आमच्या घरातल्या मात्र इतक्यात जाणार नाहीत. बाई सांगत होत्या, त्या फटींमध्ये कोशात पडून राहतात, महिनोन् महिने, आणि माणसाची चाहूल लागली की बाहेर पडतात. मी झाडत राहीन.

आता शेवटचं. आज सकाळी मी दवाखान्यातून मोत्याला घेतलं ते थेट स्टँडवर आलो. त्याआधी काल संध्याकाळी घरी भूपेशला सांगितलं की मोत्या गेला. आयुष्यात इतकं ठरवून खोटं मी कधी बोललो नव्हतो. मला वाटलं, बोका जिवंत आहे तोवर तुला ओढायला तो त्याचा दोर करेल. दोर नाही म्हटल्यावर तरी सोडेल.

तो खाली बसला. दोन्ही हातांत तोंड धरून रडला, अंजू, अगदी पोरासारखा. खांदे हलत होते. वाटलं, हा माझा मुलगा आहे, याला कळलं, याच्या आत काहीतरी हललं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. खरं सांगून टाकावं, असं ओठांवर आलंच होतं.

तेवढ्यात त्यानं डोळे पुसले आणि वर पाहून विचारलं,

"तिले सांगतलं का बाबा? मातीले तरी येईन ना ते?"

मी हात काढून घेतला. म्हटलं, सांगितलं. नाही येत म्हणाली.

तेव्हा तू मला पत्र लिहू नकोस, त्याच्या हाती लागेल. तू जिथे खोली घेशील तो पत्ताही कळवू नकोस, मला विचारल्यावर मी गोंधळेन. कोर्टात भेटू, तिथे मी तुझ्या बाजूच्या बाकावर बसेन. या घरात तुझं आता काहीही राहिलेलं नाही. हे वाक्य लिहिताना हात अडला, पण खरं आहे, म्हणून खोडत नाही.

गुलाबचंद